सगळं नॉर्मल, मी सोडून

शनिवार, ५ एप्रिल

डॉक्टरीणबाईंनी गृहपाठ दिलाय. रोज लिहून ठेवायचं: काय खाल्लं, किती झोपले, कुठे दुखलं, कसं वाटलं. निधीच्या जुन्या सायन्सच्या वहीत निम्मी पानं कोरी होती, ती कामाला आली. मी मात्र मराठीतच लिहिणार. डॉक्टर हॉलंडना मराठी येत नाही, म्हणजे मनातलं सगळं लिहायला मोकळीक. दाखवायची वेळ आलीच तर चार ओळी इंग्रजीत काढून देईन.

तर मी यामिनी, वय बेचाळीस, मुक्काम अर्विंग, टेक्सास. सॉफ्टवेअर टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार मिळतो. हेच काम मी घरी फुकट करते असं परीक्षित म्हणतो. परीक्षित म्हणजे नवरा. निधी म्हणजे मुलगी, वय चौदा, क्लॅरिनेट वाजवते आणि मराठीला इंग्रजीत उत्तर देते.

होतंय काय, तर दहा तास झोपून उठते आणि अकरा वाजता परत डोळे मिटतात. सगळ्यांना उकडतं तेव्हा मला थंडी वाजते. चार महिन्यांत अकरा पौंड वाढले, आणि खाणं तर कमी झालंय. केस इतके गळतात की बाथरूमची जाळी रोज साफ करावी लागते. आवाज बसलाय. परवा फोनवरचा बँकेतला मुलगा मला 'सर' म्हणाला. मीही दुरुस्त केलं नाही, काम होतंय ना, झालं.

बाई चांगल्या आहेत. गळा चाचपला, थायरॉइड बघू या म्हणाल्या आणि रक्त घेतलं. त्याआधी पाच पानी फॉर्म. औषधं कोणती घेता? काही नाही. व्हिटॅमिन्स, सप्लिमेंट्स? काही नाही. गोळ्यांची सवय आमच्या घराण्यातच नाही, हे मी नर्सला जरा तोऱ्यातच सांगितलं.

आजचं खाणं: चहा, दोन टोस्ट, मंजुषाचा खाऊ. दुपारी पोळी-भाजी. चारला चहा. रात्री खिचडी. झोप दहा तास.

खाऊ म्हणजे केसांसाठीच्या त्या स्ट्रॉबेरीच्या चघळायच्या गोळ्या. मंजुषा माझी इथली सगळ्यात जवळची मैत्रीण. फेब्रुवारीत तिने बरणीएवढी बाटली आणून दिली. बाटलीवर रोज दोन लिहिलंय, पण ती म्हणाली, आपले केस जाड, तू चार घे. चहानंतर गोड लागतात.

बुधवार, ९ एप्रिल

रिपोर्ट आले. थायरॉइड नॉर्मल. टी.एस.एच. की काय ते दोन पूर्णांक आठ. साखर नॉर्मल, हिमोग्लोबिन नॉर्मल. बाईंचा ॲपवर मेसेज, खाली हसरा चेहरा.

परीक्षित म्हणाला, "चला, सुटलीस. थकवा काय गं, सगळ्यांनाच असतो. मी नाही का थकत?" थकतो ना. ऑफिसमधून येतो, दोन तास बॅडमिंटन खेळतो आणि मग थकतो.

खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं. आजारी असते तर निदान आजारी असते. माझ्या आईच्या घरी थकवा हा शब्दच नव्हता, आळस हा एकच होता. आता मशीननेही आईचीच बाजू घेतली.

शनिवार, २६ एप्रिल

मंडळाचा पाडवा आज झाला. तिथीने येऊन गेला महिन्यापूर्वी, पण हॉल आजचा मिळाला. उत्तराकाकू भेटल्या. शहात्तर वर्षांच्या, मिरजेला मेडिकल करून पन्नास वर्षांपूर्वी इथे आल्या. पॅथॉलॉजिस्ट होत्या, आता रिटायर्ड. पण हुकूम सोडायचं काही रिटायर झालेलं नाही. मला बघून सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तोंड सुजलंय तुझं. रिपोर्ट दाखव मला."

म्हटलं, नॉर्मल आहेत हो काकू. तरी "दाखव" म्हणाल्याच. त्यांना कशाला दाखवू? एकदा हातात सापडलं की त्या मला जन्मभर सोडणार नाहीत. शिवाय त्यांची चकली. ती मोडायला पकड लागते. तोंडभर "छान झाल्यात" म्हणून आले.

खाणं: पुरणपोळी दीड, चकली एक (अर्धी पर्समध्ये). सकाळी चहा, खाऊ. झोप नऊ तास.

मंगळवार, १३ मे

आज एक झालं, ते फक्त इथे लिहिते.

निधीला क्लॅरिनेटच्या क्लासहून आणत होते, संध्याकाळी पाच वाजता. मॅकआर्थर रस्त्याच्या सिग्नलला लाल होता म्हणून थांबले. त्यानंतर एकदम हॉर्नच आठवतात. टेक्सासमध्ये माणसं सहसा हॉर्न मारत नाहीत, पण चार जण मारत होते. मी झोपले होते. पाय ब्रेकवर होता, म्हणून वाचलो.

निधी शेजारी डोक्यावर हूड ओढून नेहमीसारखी झोपलेली. ती बाळ असल्यापासून गाडी सुरू झाली की झोपते, किल्लीचा आवाज म्हणजे तिची अंगाई. बरं झालं, तिला काही कळलं नाही.

परीक्षितला सांगितलं नाही. सांगितलं तर तो गाडी काढून घेईल, आणि बरोबरच करेल. पण इथे बस नाही, रिक्षा नाही, फुटपाथही अर्ध्यात संपतो. गाडी न चालवणारी बाई म्हणजे कुंडीतलं झाड, कुणी उचलून ठेवील तिथे. आणि निधीला ने-आण करणं हे या घरातलं माझं काम आहे. ते गेलं तर मला भीती वाटते, मी नक्की कोण उरेन.

उद्यापासून निघण्याआधी कॉफी.

शुक्रवार, २३ मे

आनंदाची गोष्ट लिहिते, नाहीतर ही वही म्हणजे रडगाणं होईल. निधी हल्ली गाडीत झोपत नाही. चक्क गप्पा मारते. सरळ बसते, हूड खाली, आणि सारखं विचारत असते. "मॉम, तुझी बेस्ट फ्रेंड कोण होती इन सेव्हन्थ ग्रेड?" "मॉम, आजी स्ट्रिक्ट होती का?" आज तर सतराचा पाढा मराठीत म्हणून दाखव म्हणाली. म्हटला. सतरा साते अडखळले, तर लगेच, "मॉम, कीप गोइंग."

मंजुषाची अनया आईशी आठवड्यात चार वाक्यं बोलते. मी मंजुषाला जरा जास्तच रंगवून सांगितलं. या वयातल्या मुली आयांपासून लांब जातात म्हणतात, आमचं उलट चाललंय. देवाची कृपा.

झोप अकरा तास. तरीही.

गुरुवार, १० जुलै

बाहेर एकशे तीन फॅरनहाइट, घरात मी स्वेटरमध्ये. एसीच्या थर्मोस्टॅटवरून रोज भांडण. परीक्षित बहात्तरवर आणतो, मी अठ्ठ्याहत्तरवर नेते. आमचं पंधरा वर्षांचं लग्न आता या सहा डिग्रींत आलंय. भुवयांचे बाहेरचे तुकडे गळलेत, ते पेन्सिलने काढते. काल एक वर आणि एक खाली निघाली आणि मीटिंगभर मी आश्चर्यचकित दिसत होते.

दुसऱ्यांदा रक्त दिलं होतं, त्याचा रिपोर्ट आला. आता टी.एस.एच. शून्य पूर्णांक दोन. हा आकडा उलटा चालतो म्हणे, कमी म्हणजे थायरॉइड जोरात. बाई स्वतः फोनवर म्हणाल्या, थायरॉइड थोडं जास्तच काम करतंय की काय अशी शंका येते. म्हटलं, जास्त काम करणारा माझ्या अंगात एक तरी अवयव आहे, हे ऐकून बरं वाटलं. त्या हसल्या. मग म्हणाल्या, "पण तसं असेल तर तुम्ही बारीक व्हायला हवं, तुम्हाला घाम यायला हवा. तुमची लक्षणं एक सांगतायत आणि रक्त दुसरंच सांगतंय." स्पेशालिस्टची चिठ्ठी दिली. स्पेशालिस्टकडे नंबर लागला एकोणीस नोव्हेंबरला. शिवाय उदास वाटतं का, असा एक फॉर्म भरायला दिला. फॉर्म वाचेपर्यंत वाटत नव्हतं.

केस थांबत नाहीत म्हणून मंजुषाने दुसरी बाटली आणली आणि सहावर ने म्हणाली. नेलं जूनपासून.

खाणं: चहा, खाऊ सहा, ज्वारीची भाकरी, पिठलं. झोप दहा तास.

बुधवार, २० ऑगस्ट

निधी हायस्कूलला गेली. मार्चिंग बँडमध्ये घेतलंय तिला, रोज पावणेसातला मैदानावर हजर. सोमवारी सोडायला निघाले आणि गाडी कडेच्या त्या खडबडीत पट्ट्यावर गेली, घर्रर्र आवाज झाला. जागी होते मी. म्हणजे, होते असं मला वाटतं. निधीने स्टिअरिंगला हात लावला आणि सरळ केलं. मग म्हणाली, "मॉम, सतराचा पाढा."

आज सकाळी किल्ली घेतली तर बूट घालता घालता म्हणाली, "मॉम, आय गॉट अ राइड. स्वानंदीची मॉम एनीवे जाते." माझ्याकडे बघितलं नाही. बाहेर त्या बँडमधल्या मैत्रिणीची गाडी येऊन उभीसुद्धा होती. म्हणजे हे कालच ठरलं होतं.

मी दारात उभी राहून हात हलवला. आत येऊन ओट्यापाशी रडले. मग संध्याकाळी परीक्षितला सगळं सांगितलं, सिग्नलचंही. तो ओरडेल वाटलं होतं. तो खुर्चीत बसून राहिला आणि म्हणाला, "मी थकवा म्हणत राहिलो गं." किल्ली मी स्वतःच दारामागच्या खिळ्याला लावली. मला काय झालंय ते कुणीतरी सांगेपर्यंत तिला हात लावणार नाही, असं दोघांना सांगितलं. निधी म्हणाली, "ओके," आणि मला मिठी मारली, बरीच घट्ट. परीक्षितने बॅडमिंटन बंद केलंय, संध्याकाळचं आणणं आता त्याच्याकडे.

रविवार, २१ सप्टेंबर

उद्यापासून नवरात्र. सासरी नागपूरला घट बसतो, म्हणून इथेही बसतो. या वर्षी एक तिथी वाढलीय म्हणून दहा दिवसांचे उपास. सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. मी साबुदाणा भिजवत होते, आणि मधेच सवयीने खाऊ तोंडात टाकला.

"ते काय खाऊन राहिली तू?" आई म्हणाल्या.

"केसांचं आहे आई, गोळी."

"उद्यापासून चालते का पण उपासाला? त्यात काय काय घालतात ते वाच बरं."

निधीने बाटली उचलून वाचलं. कॉर्न सिरप. म्हणजे मका. आईंनी डोळे मिटून घेतले. "मका धान्यात येते. दहा दिवस ते डब्यात बंद कर. केस काही पळून नाही जात." म्हटलं, आई, तेच तर पळतायत. पण बाटली वरच्या फळीवर ठेवली. देवीशी वाद कोण घालणार.

मंगळवार, ३० सप्टेंबर

नववा दिवस. स्पेशालिस्टकडे पाठवण्याआधी ताजा रिपोर्ट हवा म्हणून तिसऱ्यांदा रक्त देऊन आले. परीक्षितने नेलं. रक्त काढणारी मुलगी म्हणाली, "फारच गार हात आहेत तुमचे." म्हटलं, बाहेर फक्त ब्याण्णव आहे ना.

खाणं: भगर, दाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू, रताळं, चहा चहा चहा. झोप दहा तास.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

एकतीस.

टी.एस.एच. एकतीस आलाय. चारच्या वर गेला की जास्त, माझा एकतीस. मी आयुष्यात कधी इतक्या मार्कांनी पुढे गेले नव्हते. बाईंचा फोन आला, थायरॉइड जवळजवळ बंद पडल्यासारखं दिसतंय म्हणाल्या, आणि मी त्यांना थँक्यू म्हटलं. ओट्यापाशी नाचले, परीक्षितलाही नाचवलं. आजारी आहे मी, खरोखरची. आळशी नाही.

फक्त आधीच्या दोन रिपोर्टांशी अजिबात जुळत नाही, म्हणून औषध सुरू करण्याआधी सोमवारी एकदा खात्री करायची म्हणाल्या. करा की. पुरणपोळी खाल्ली, उपास सुटला, खाऊही सुरू केला. दहा दिवस बुडालेत म्हणून आज आठ घेतले.

बुधवार, ८ ऑक्टोबर

दोन पूर्णांक चार. नॉर्मल.

बाईंना स्वतःलाच अवघड वाटत होतं. लॅबमध्ये नळ्यांची अदलाबदल झाली असेल, मधला रिपोर्ट दुसऱ्या कुणाचा असेल, असं म्हणाल्या. स्पेशालिस्टची वाट बघू या. आणि तो उदासीचा फॉर्म परत एकदा.

संध्याकाळभर मी त्या दुसरीचा विचार करत होते. एकतीसवाली. ती बिचारी कुठेतरी स्वेटर घालून, भुवया पेन्सिलने काढून बसली असेल आणि तिला माझं दोन पूर्णांक चार सांगून घरी पाठवलं असेल. तिला फोन करून सांगावंसं वाटलं की बाई, तू आळशी नाहीस.

किल्ली खिळ्यालाच आहे. निधीने एकदा तिच्याकडे बघितलं, मी बघतेय हे बघून नजर वळवली.

शनिवार, ११ ऑक्टोबर

मंडळाची कोजागिरी. चंद्र सोमवारीच होऊन गेला, हॉल सातला रिकामा करायचा, म्हणून कार्यक्रम दुपारी चारला, उन्हात मसाला दूध. कार्यक्रमाला निघता निघता हे चार शब्द लिहितेय. आज उत्तराकाकूंना सगळे रिपोर्ट देऊन टाकणार आहे. मान गेली खड्ड्यात. आता जन्मभर नाही सोडलं तरी चालेल.

रविवार, १२ ऑक्टोबर
(लाल पेन. अक्षर माझं नाही.)

यामिनी, तुझ्या फायलीत रिपोर्टांच्या खाली ही वही निघाली. लक्षणांची नोंद म्हणून वाचायला घेतली आणि मग खाली ठेवता येईना. दुसऱ्याची वही वाचू नये हे मला कळतं. माफ कर. ५ एप्रिल, १० जुलै, २१ सप्टेंबर आणि २ ऑक्टोबर या पानांवर खुणा केल्या आहेत. ती चार पानं लागोपाठ वाच. तू टेस्टर ना? रिपोर्ट बदलला तेव्हा आणखी काय बदललं होतं, हे शोध आणि मला फोन कर. चकलीचं नंतर बघू.
उत्तरा

सोमवार, १३ ऑक्टोबर

जमीन दुभंगून पोटात घ्यावं असं आज तीनदा वाटलं. उत्तराकाकूंचे यजमान शशिकांतकाका वही परत द्यायला आले तेव्हा, चकलीचं वाक्य पुन्हा वाचलं तेव्हा, आणि चार पानं लागोपाठ वाचली तेव्हा.

कामावर कुणी बग आणला की माझा पहिला प्रश्न असतो, मधे काय बदललं? नवरात्रात मी भात सोडला, पोळी सोडली, कांदा-लसूण सोडला. आणि खाऊ. नऊ दिवस खाऊ नव्हता, आकडा एकतीस. पुन्हा सुरू केला, आकडा दोन पूर्णांक चार. सहावर नेला होता, तेव्हा शून्य पूर्णांक दोन. माझ्याच अक्षरात सगळं लिहिलेलं. आणि त्याच अक्षरात फॉर्मवर: काही नाही, काही नाही.

काकूंना फोन केला. "सापडलं?" म्हणाल्या. "त्यात बायोटिन असतं. तुझ्या डोसात ते रक्तात फार होतं आणि काही लॅबची मशिनं फसतात. खरा आकडा एकतीस असला तरी खोटा दोन दाखवतात. नळ्या कुणी बदलल्या नाहीत. ती एकतीसवाली तूच."

रडू येत होतं आणि हसूही.

"औषधं घेता का विचारलं तर आपल्या बायका नाही म्हणतात," काकू पुढे म्हणाल्या. "मैत्रिणीने दिलं, सासूने दिलं, गोड लागलं, म्हणजे ते औषध नव्हे. चाळीस वर्षं लॅबमध्ये हेच बघितलं. आता ते बंद कर, एक आठवड्याने रक्त दे, आणि डॉक्टरला सगळं खरं सांग. ती बाई चांगली आहे, तू तिला अंधारात ठेवलंस."

"काकू, चकली..."

"भाजणीत मोहन कमी पडतं, मला माहीत आहे. शशिकांत पस्तीस वर्षं छान म्हणतात. खोटं बोलणारी माणसं मी मशीनशिवाय ओळखते."

वही चाळताना दिसलं की २३ मेच्या पानावरही लाल खूण आहे, नुसतं प्रश्नचिन्ह. त्या दिवशी तर निधीच्या गप्पांबद्दल लिहिलंय. हे कशाला, कळलं नाही. विचारायचं राहिलं.

गुरुवार, २३ ऑक्टोबर, भाऊबीज

सोमवारी रक्त दिलं, ऐन दिवाळीत. काल आकडा आला, चौतीस. थायरॉइडच्या विरुद्ध शरीर स्वतःच भांडतंय, त्याचीही टेस्ट पॉझिटिव्ह. आता कुणाला शंका नाही. डॉक्टर हॉलंड म्हणाल्या, मीही नीट खोदून विचारायला हवं होतं. म्हटलं, विचारलं होतं हो तुम्ही, पाच पानं विचारलं होतं. स्पेशालिस्टचा नंबर ठेवायचा, पण औषध उद्यापासूनच.

मंजुषा येऊन इतकी रडली की मलाच तिला चहा करून द्यावा लागला. "मी तुला आजारी पाडलं," म्हणे. अगं बाई, थायरॉइड तू नाही बिघडवलंस, तू फक्त त्याला लपायला जागा दिलीस. मग हसली. उरलेली बाटली तिने स्वतः कचऱ्यात टाकली आणि झाकण पुन्हा पुन्हा घट्ट केलं.

सासूबाईंना सांगितलं तर त्यांना जराही नवल वाटलं नाही. "देवीनंच दाखवलं ते. मी नाही म्हटलं होतं, बंद कर म्हणून?" काकूंना फोनवर सांगून बघितलं, त्यांनीही देवीशी वाद घातला नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

गोळी सकाळी उपाशीपोटी, आणि नंतर तासभर चहा नाही. एवढ्या महिन्यांत सोसलेल्या सगळ्या त्रासांत हा सगळ्यात मोठा. म्हणून साडेपाचला उठून गोळी घेते आणि पुन्हा आडवी होते. साडेसहाला परीक्षित चहा आणून देतो. या आजारात हेही आहे हे आधी कुणी सांगितलं नव्हतं.

काल दुपारी अडीचला लक्षात आलं की मी जागी आहे. कुणी उठवलं नव्हतं, मी आपली जागीच होते. थर्मोस्टॅट पंचाहत्तरवर आलाय, वाटाघाटी चालू.

झोप आठ तास.

मंगळवार, ९ डिसेंबर

काल आकडा सहावर आला. डॉक्टर हॉलंड म्हणाल्या, दिवसा झोप येत नसेल तर गाडी चालवायला हरकत नाही. गेल्या तीन आठवड्यांत आली नाही, हे या वहीतच लिहिलेलं आहे. त्यांना चार ओळी इंग्रजीत काढून दिल्या. यावेळी खऱ्या.

तरी किल्लीला हात लावला नाही. किल्ली मी निधीसमोर लावली होती, निधीनेच काढावी असं वाटत होतं, पण तिला तसं म्हटलं नाही. आज सकाळी साडेसहाला ती पायऱ्या उतरून आली, क्लॅरिनेटची पेटी खांद्याला, आणि खिळ्यावरची किल्ली काढून माझ्यापुढे धरली. "मॉम, स्वानंदी सिक आहे. कॅन यू?"

मी स्वेटर न घालता निघाले.

पहिली दोन मिनिटं तिने विचारलं, रात्री किती झोपलीस, गोळी घेतली का, चहा झाला का. सगळ्याची उत्तरं दिली. मग प्रश्न थांबले. मॅकआर्थरच्या सिग्नलला लाल होता. थांबले आणि शेजारी बघितलं. हूड डोक्यावर, तोंड उघडं, गाढ झोपलेली.

तेव्हा मला ते लाल प्रश्नचिन्ह कळलं.

मे महिन्यात त्या दिवशी, याच सिग्नलला, ती झोपलेली नव्हती. तिने सगळं बघितलं होतं, आणि त्यानंतर मी किल्ली खिळ्याला लावेपर्यंत ती माझ्या गाडीत एकदाही झोपली नाही. सातवीतली मैत्रीण, आजी, सतराचा पाढा. मी मंजुषाला सांगत सुटले होते, माझी मुलगी माझ्याशी किती बोलते. चौदा वर्षांची पोर मला जागं ठेवत होती.

सिग्नल हिरवा झाला. मी लगेच निघाले, मागे कुणाला हॉर्न मारायला लावला नाही. शाळेच्या पार्किंगमध्ये पोचले तेव्हा सहा चाळीस झाले होते. उठवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. पार्किंगला सावकाश एक फेरी मारली, मग अजून एक. डोळे पुसायला दोन फेऱ्या पुरल्या.

सहा एकावन्नला ती दचकून उठली. "मॉम! व्हाय डिडन्ट यू वेक मी? आय ॲम लेट!" आणि पेटी घेऊन पळाली. पळता पळता मागे वळून ओरडली, तीनला घ्यायला ये.

झोप: मी साडेसात तास. निधी, अठरा मिनिटं.